ट्रान्सप्लांटनंतर कावीळ आणि जुलाब एकदमच सुरू झाले: जीव्हीएचडी, इन्फेक्शन की औषधांचा परिणाम?

इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागावा म्हणून ताईंचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. त्यांच्या ३१ वर्षांच्या धाकट्या भावाला ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे एक रक्ताचा कॅन्सर, झाला होता. आजार आटोक्यात आल्यावर बुसल्फान आणि सायक्लोफॉस्फामाइडची जोरदार केमो देऊन त्याचा स्टेम सेल ट्रान्सप्लांट झाला. दाता म्हणजे स्वतः ताईच, मॅच पूर्ण. ट्रान्सप्लांटनंतर सतराव्या दिवशी रक्तपेशींचे काउंट वर आले. बाविसाव्या दिवसापासून मळमळ सुरू झाली, भूक गेली, दिवसाला सहा-सात पाण्यासारखे जुलाब होऊ लागले. तळहात लाल झालेत आणि खाजतात. आज सव्विसावा दिवस. बिलिरुबिन (जे वाढलं की कावीळ दिसते ते पिवळं द्रव्य) ०.८ वरून ३.६ वर गेलंय, प्लेटलेट ३२,००० आहेत, प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोस्पोरिन आणि बुरशीविरोधी व्होरिकोनॅझोल चालू आहे. एक डॉक्टर म्हणतात जीव्हीएचडी, म्हणजे दात्याच्या पेशींचा पेशंटच्या शरीरावरचा हल्ला, वाटतोय, दुसरे म्हणतात आधी इन्फेक्शन आणि औषधं तपासू, उद्या आतड्याची एन्डोस्कोपी करू. ताई विचारतात: लिव्हर निकामी होतंय का? इतक्या कमी प्लेटलेटवर एन्डोस्कोपी कशाला? थेट स्टिरॉइड का नाही? माझ्याच पेशी त्याच्यावर उलटल्या का? आणि लिव्हरसाठी नातेवाईक एक काढा सुचवतायत, तो द्यावा का?

मी पोटविकारतज्ज्ञ आहे आणि माझं बरंचसं काम ट्रान्सप्लांट युनिटमधल्या पेशंटचंच असतं. समोर पेशंट नसताना मी निदान सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. पण अशा वेळी आम्ही विचार कसा करतो, कोणत्या गोष्टीला वजन देतो आणि कोणत्या गोष्टीने घाबरत नाही, हे सांगता येईल.

ताई, पहिली गोष्ट. दोन डॉक्टर दोन गोष्टी बोलतायत म्हणून त्यांच्यात मतभेद आहे असं समजू नका. ट्रान्सप्लांटच्या चौथ्या आठवड्यात जुलाब आणि कावीळ दिसली की डोक्यात एक यादीच येते, आणि तिच्यातली दोन-तीन कारणं एकाच पेशंटमध्ये एकाच वेळी असू शकतात. जीव्हीएचडी असलेल्या आतड्यातच सीएमव्ही व्हायरसही सापडतो. इन्फेक्शन असलेल्या पेशंटची कावीळ औषधाने आणखी वाढते. म्हणून ‘हे की ते’ असा प्रश्न आमच्यासाठी फारसा उपयोगाचा नसतो. यातलं काय काय आहे, आणि आज रात्री कशावर उपचार सुरू केल्याशिवाय चालणार नाही, हा खरा प्रश्न.

‘लिव्हर निकामी’ या शब्दांनी घरातल्या सगळ्यांची झोप उडते, म्हणून ते आधी घेते. बिलिरुबिन वाढणं आणि लिव्हर निकामी होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. बिलिरुबिन वाढलं याचा अर्थ बहुतेक वेळा पित्त बाहेर टाकण्याचं काम मंदावलंय. लिव्हर निकामी व्हायला लागलं तर रक्त गोठायला वेळ लागतो, म्हणजे आयएनआर वाढतो, साखर खाली जाते, पेशंट गुंगीत जातो, असंबद्ध बोलू लागतो. भाऊ तुमच्याशी नीट बोलतोय, आयएनआर ठीक आहे, असं असेल तर त्याचं लिव्हर त्रासात आहे, पण काम करतंय. आयएनआर किती आहे हे उद्या विचारा. नुसत्या बिलिरुबिनपेक्षा त्यातून जास्त कळेल.

आता कारणांकडे. या कामात दिवस मोजण्याला फार महत्त्व आहे, कारण प्रत्येक त्रासाची येण्याची एक साधारण वेळ ठरलेली असते.

पहिल्या दोन आठवड्यांत तोंड येणं, घशाखाली आग, जुलाब हे प्रामुख्याने केमोमुळे असतं. आतड्याचं अस्तर भराभर बदलणाऱ्या पेशींचं असतं आणि केमो नेमकी अशाच पेशी मारते. काउंट वर आले की हे अस्तर भरून येऊ लागतं. म्हणून काउंट येण्याआधी होणाऱ्या जुलाबांना आम्ही चटकन जीव्हीएचडी म्हणत नाही. तुमच्या भावाचं उलटं झालंय. काउंट सतराव्या दिवशी आले, मधले चार-पाच दिवस बरे गेले आणि मग जुलाब नव्याने सुरू झाले. हा क्रम मला बोलका वाटतो. केमोचा उरलासुरला परिणाम असा थांबून पुन्हा सुरू होत नाही.

याच पहिल्या तीन आठवड्यांत लिव्हरची एक खास भीती असते, व्हीओडीची. हल्ली त्याला एसओएसही म्हणतात. लिव्हरमधल्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांच्या आतलं अस्तर केमोने सोलून निघतं, त्या वाहिन्या चोंदतात आणि रक्त पुढे सरकेनासं होतं. बुसल्फान आणि सायक्लोफॉस्फामाइड ही जोडी त्यासाठी ओळखली जाते. आधी जेमट्युझुमॅब किंवा इनोट्युझुमॅब ही ल्युकेमियाची औषधं मिळालेली असतील, किंवा लिव्हर मुळातच आजारी असेल, तर धोका वाढतो. या आजाराची चाहूल कावीळीआधी वजनकाट्यावर लागते. अंगात पाणी आणि मीठ साठतं, सलाईनच्या हिशेबात न बसणारं वजन वाढतं, उजव्या बरगडीखाली दुखतं, पोट फुगतं, प्लेटलेट चढवूनही टिकत नाहीत, आणि मग बिलिरुबिन २ च्या वर जातं. वजन मूळच्या ५ टक्क्यांहून जास्त वाढणं हा निदानाच्या निकषांतला एक भाग आहे. एकविसाव्या दिवसानंतरही हा आजार येतो, युरोपातल्या ट्रान्सप्लांट संघटनेने २०१६ साली निकष सुधारताना उशिरा येणाऱ्या प्रकाराला वेगळी जागा दिली. म्हणून दिवस २६ आहे एवढ्यावरून मी तो बाद करणार नाही. पण तुमच्या भावाचं वजन जुलाबांमुळे उतरत असेल, पोट फुगलेलं नसेल, लिव्हर दुखत नसेल, तर तो माझ्या यादीत बराच खाली जातो. असलाच तर त्यावर डिफायब्रोटाइड हे औषध आहे. दर सहा तासांनी, किमान २१ दिवस शिरेतून द्यावं लागतं आणि त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणूनही निदान नीट करणं महत्त्वाचं.

आता जीव्हीएचडी. दात्याच्या टी पेशींना पेशंटचं शरीर परकं वाटतं आणि त्या तीन ठिकाणी मुख्यतः हल्ला करतात: त्वचा, आतडी आणि लिव्हरमधल्या बारीक पित्तनलिका. काउंट आल्यावर थोड्याच दिवसांत तळहात लाल होऊन खाजणं, मळमळ, भूक जाणं, पाण्यासारखे जुलाब आणि पाठोपाठ बिलिरुबिन चढणं हे चित्र जीव्हीएचडीशी जुळतं. तळहात, तळपाय, कानाच्या पाळ्या आणि मानेची मागची बाजू या जागा तो आधी धरतो. लिव्हर बहुतेक वेळा एकटं येत नाही, त्वचा किंवा आतड्याच्या सोबतीने येतं. म्हणूनच लिव्हरची बायोप्सी सहसा करत नाहीत. आतड्याच्या तुकड्यात जीव्हीएचडी सिद्ध झाला आणि कावीळीला दुसरं कारण सापडलं नाही, तर कावीळही त्याचीच धरतात. फारच संशय राहिला तर मानेच्या शिरेतून लिव्हरपर्यंत जाऊन तुकडा घेतात आणि त्याच वेळी आतला दाबही मोजतात. तो दाब व्हीओडी ओळखायला उपयोगी पडतो.

आतड्याच्या जीव्हीएचडीचे जुलाब बघून थोडं कळतं. हिरवट, पाणीच पाणी, त्यात शेंबडासारखे लांब धागे. तोंडाने काहीच घेतलं नाही तरी थांबत नाहीत, कारण सोललेल्या आतड्यातून प्रथिनं आणि पाणी सतत झिरपत असतं. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन भराभर खाली येतं. रात्रीही उठावं लागतं. यावरून निदान पक्कं होत नाही, पण राउंडवर मी शौचाचं भांडं बघायला मागते ते याचसाठी.

इथे घरच्यांचा फार मोठा उपयोग होतो. ‘बरेच जुलाब झाले’ या वाक्यावर मला काही ठरवता येत नाही. किती मिलीलीटर झाले हे हवं असतं. मोठ्या माणसात दिवसाला ५०० ते ९९९ मिली म्हणजे पहिली पायरी, १,००० ते १,५०० दुसरी, त्याहून जास्त तिसरी. पोटात असह्य दुखणं, आतडं ठप्प होणं किंवा उघड रक्त पडणं ही चौथी. मोजणं शक्य नसेल तर वेळा मोजतात: तीन-चार वेळा पहिली पायरी, पाच ते सात दुसरी. बिलिरुबिनलाही पायऱ्या आहेत: २ ते ३ पहिली, ३.१ ते ६ दुसरी, ६.१ ते १५ तिसरी, त्यावर चौथी. तुमच्या भावाचे आकडे बघता, हा जीव्हीएचडी ठरला तर एकूण ग्रेड ३ च्या आसपास जाईल. याला आम्ही हलका आजार मानत नाही. त्यावर लगेच आणि पूर्ण डोसचे उपचार लागतात. लघवी आणि शौच वेगळं मोजायला सांगा, वेळेसह एका कागदावर लिहा, आणि सकाळ-संध्याकाळ त्याच काट्यावर वजन घ्या. तो कागद डॉक्टरांना रोज दाखवा.

मग थेट स्टिरॉइड का नाही? कारण याच वेशात दुसरे आजारही येतात आणि त्यातल्या काहींना स्टिरॉइड म्हणजे खतपाणी. सीएमव्ही हा त्यातला मुख्य. तो बहुतेक मोठ्या माणसांच्या शरीरात लहानपणापासून झोपलेला असतो आणि प्रतिकारशक्ती दबली की उठतो. रक्तात विषाणू शोधणारी पीसीआर तपासणी निगेटिव्ह असूनही आतड्यात सीएमव्ही असू शकतो, त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट बघून आतडं स्वच्छ आहे असं म्हणता येत नाही. शिवाय त्याचं नेहमीचं औषध, गॅन्सिक्लोव्हिर, नुकत्याच रुजलेल्या मज्जेला दाबतं आणि काउंट पुन्हा पडू शकतात. म्हणून ‘असू दे, तेही देऊन टाका’ हा सल्ला इथे चालत नाही. अडेनोव्हायरस, नोरोव्हायरस, रोटाव्हायरस आणि क्लोस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जिवाणू यांच्यासाठी शौच तपासायला पाठवतात. क्लोस्ट्रिडियम डिफिसिल पॉझिटिव्ह आला तरी गोष्ट संपत नाही, कारण खूप अँटिबायोटिक घेतलेल्या पेशंटच्या आतड्यात तो नुसता मुक्कामालाही असतो. उपचार करतो, पण जुलाब एक-दोन दिवसांत वळले नाहीत तर दुसरं कारण शोधणं थांबवत नाही.

औषधांचंही खरं आहे. सायक्लोस्पोरिन पित्त बाहेर टाकण्यात अडथळा आणतं आणि बिलिरुबिन थोडं वाढवतं. व्होरिकोनॅझोल लिव्हरच्या पेशींना त्रास देऊ शकतं, आणि वर सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळीही वाढवतं. यात एक बारीक पण महत्त्वाची खोच आहे. कावीळ बघून व्होरिकोनॅझोल एकदम बंद केलं आणि सायक्लोस्पोरिनचा डोस तोच ठेवला, तर पुढच्या काही दिवसांत सायक्लोस्पोरिनची पातळी घसरते आणि जीव्हीएचडीला मोकळं रान मिळतं. म्हणून या दोन औषधांना हात लावला की पातळी पुन्हा तपासणं आलंच. जुलाब असताना तोंडाने दिलेलं औषध नीट शोषलं जाईल याचाही भरवसा नसतो, म्हणून अशा वेळी सायक्लोस्पोरिन शिरेतून देतात.

कावीळीची आणखी काही कारणं झटपट तपासून बाजूला ठेवायची असतात. रक्तातला जंतुसंसर्ग झाला की लिव्हरला थेट इजा नसतानाही बिलिरुबिन चढतं. शिरेतून आहार चालू असेल तर पित्ताशयात गाळ साचतो. बिलिरुबिनमधला बराचसा भाग इनडायरेक्ट (लिव्हरने प्रक्रिया करण्याआधीचा) असेल तर रक्तपेशी फुटतायत का ते बघावं लागतं, विशेषतः तुमचा आणि भावाचा रक्तगट वेगळा असेल तर.

यातल्या एका कारणाचं नाव मात्र मी मुद्दाम घेते, कारण ते सुटून जाण्याची भीती असते: टीएमए. बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन लाल पेशी कापल्या जातात. रक्तदाब चढतो, एलडीएच (पेशी फुटल्याची रक्तातली खूण) वाढतं, लघवीत प्रथिनं येतात, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वर सरकतं, प्लेटलेट टिकत नाहीत, आणि आतड्याला इजा झाली तर जुलाब आणि पोटदुखी अगदी जीव्हीएचडीसारखी. सायक्लोस्पोरिन हे त्याला हातभार लावणाऱ्या औषधांपैकी एक. म्हणजे जीव्हीएचडीत जे औषध सांभाळून ठेवायचं, तेच इथे कमी किंवा बंद करावं लागू शकतं. भावाचा रक्तदाब गेल्या आठवड्यात अचानक वाढलाय का, हे नर्सच्या चार्टवर दिसेल.

तपासण्यांची ही मोठी यादी वाचून घाबरू नका. बहुतेक गोष्टी एकाच दिवसाच्या रक्त-लघवी-शौच तपासण्यांतून आणि एका डॉप्लर सोनोग्राफीतून कळतात. राहिलं आतडं, आणि तिथे बायोप्सीला पर्याय नाही.

एन्डोस्कोपीची भीती रास्त आहे, म्हणून ती कशी करतो ते सांगते. ३२,००० प्लेटलेटवर तुकडा घेत नाही. आधी प्लेटलेट चढवतात, ५०,००० च्या वर गेल्याची खात्री करतात आणि मगच पुढे जातात. माझी स्वतःची पसंती खालून छोट्या दुर्बिणीने मलाशय आणि डावं आतडं बघण्याला असते. पोट पूर्ण साफ करण्याचं औषध लागत नाही, साध्या एनिमावर भागतं, पंधरा-वीस मिनिटांत संपतं, आणि फक्त मळमळीचा त्रास असलेल्या पेशंटमध्येही मलाशयाच्या तुकड्यात अनेकदा जीव्हीएचडी सापडतो. वरून जायची गरज पडलीच तर जठरातून तुकडे घेते, पण प्लेटलेट कमी असताना लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून घेणं टाळते. तिथे भिंतीच्या आत रक्त साचून आतडं बंद होण्याचा धोका ट्रान्सप्लांटच्या पेशंटमध्ये माहितीचा आहे. आतून बघताना अस्तर अगदी गुळगुळीत, निरोगी दिसलं तरी तुकडे घ्यावेच लागतात. डोळ्यांना साधं दिसणाऱ्या अस्तरात सूक्ष्मदर्शकाखाली ग्रंथींच्या तळाशी एकेक पेशी मरून पडलेल्या दिसतात, आणि जीव्हीएचडीची खूण तीच. त्याच तुकड्यांवर सीएमव्हीची खास तपासणी होते. एका छोट्या तपासणीतून दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतात, म्हणून उद्याची एन्डोस्कोपी टाळू नका असंच मी सांगेन.

एक मात्र विचारून घ्या. रिपोर्ट यायला उशीर होणार असेल आणि त्रास वाढत असेल, तर त्याआधी स्टिरॉइड सुरू करणार का? अनेक युनिटमध्ये, मीही, चित्र ठाम असेल तर तुकडे घेऊन त्याच संध्याकाळी स्टिरॉइड सुरू करतो आणि सीएमव्ही सापडला तर त्याचं औषध जोडतो. एखाद-दुसऱ्या दिवसाच्या स्टिरॉइडने सूक्ष्मदर्शकाखालची खूण पुसली जात नाही. म्हणजे तपासणी आणि उपचार यांत एकच निवडायचं असं बहुतेक वेळा नसतं. तुमच्या दोन डॉक्टरांचं म्हणणं इथे एकत्र येऊ शकतं.

इथपर्यंतचं एकत्र करते: दिवसांचा क्रम, तळहात, जुलाब आणि कावीळ यांवरून जीव्हीएचडीचा संशय वरचा आहे, वजन आणि पोट काय सांगतात त्यावर व्हीओडी अवलंबून आहे, सीएमव्ही आणि औषधांची पातळी हे उपचार सुरू करताना सोबत तपासायचंच, आणि टीएमए नजरेआड होऊ द्यायचा नाही.

जीव्हीएचडी ठरला तर पुढे काय? इतक्या जोराच्या आजारात साधारण दर किलो वजनामागे रोज २ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, आणि सोबत आतड्यात स्थानिक काम करणारं बुडेसोनाइड किंवा बेक्लोमेथाझोन. फक्त वरच्या आतड्याचा, मळमळीपुरता आजार असेल तर निम्म्या डोसवर भागतं. मग आम्ही दिवस मोजतो. तीन ते पाच दिवसांत आजार वाढतच राहिला, किंवा आठवड्यात काहीच फरक पडला नाही, तर स्टिरॉइडला दाद देत नाही असं मानून दुसरं औषध आणतात. त्यात रुक्सोलिटिनिब आज सगळ्यात पुढे आहे, अमेरिकेत त्याला या कामासाठी २०१९ मध्ये मान्यता मिळाली. तेही प्लेटलेट खाली आणतं आणि व्होरिकोनॅझोलबरोबर त्याचा डोस सांभाळावा लागतो. त्याआधीच्या काळात स्टिरॉइडने न वळणाऱ्या पेशंटसाठी आमच्या हाताशी फार थोडं होतं, हे मी जवळून पाहिलंय.

जुलाब आणि कावीळ एकाच वेगाने उतरत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. जुलाब कमी झाले तरी बिलिरुबिन रेंगाळतं, कारण त्यातला काही भाग अल्ब्युमिनला घट्ट चिकटून बसतो आणि अल्ब्युमिनबरोबरच हळूहळू, आठवड्यांच्या हिशेबाने, रक्तातून जातो. पेशंट खाऊ लागलाय, हसतोय आणि डोळे मात्र अजून पिवळे, असं दिसेल. वाढ थांबलीय ना, एवढं बघा.

आता पोटदुखीबद्दल, कारण यात वेळ गेला की फार महागात पडतं. तुमच्या भावाला आज ही तक्रार नाही, पण पुढच्या वर्षभरात लक्षात ठेवा. ट्रान्सप्लांटनंतर काही महिन्यांनी माझ्याकडे एक पेशंट आला होता. वरच्या पोटात असं दुखत होतं की तो आडवा होऊ शकत नव्हता. सोनोग्राफी साधी, सीटी साधा, अंगावर एकही फोड नाही. लिव्हरचं एन्झाइम एएलटी मात्र सकाळी शंभरच्या घरात आणि संध्याकाळी काही पटींनी वाढलेलं. कांजण्यांचा विषाणू आधी पोटातल्या अवयवांत उठू शकतो आणि अंगावरचे फोड नंतर दिसतात. रक्ताची पीसीआर पाठवली आणि रिपोर्टची वाट न बघता असायक्लोव्हिर शिरेतून सुरू केलं. फोड तिसऱ्या दिवशी आले. तो माणूस वाचला, कारण औषध फोडांच्या आधी पोचलं. म्हणून असायक्लोव्हिरच्या गोळ्या निदान वर्षभर आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असेपर्यंत थांबवू नका, कितीही कंटाळा आला तरी.

हिपॅटायटिस बी बद्दलही एक वाक्य. भावाच्या किंवा तुमच्या रक्तात त्याचा जुना पुरावा, म्हणजे अँटी-एचबी कोअर, पॉझिटिव्ह असेल तर स्टिरॉइडच्या काळात तो पुन्हा उठू शकतो, कधी कधी वर्षांनंतरही. एन्टेकॅव्हिरसारखं औषध आधीपासून दिलं तर टाळता येतो. फाईल काढून बघून घ्या.

काढ्याचं उत्तर स्पष्ट आहे: नको. लिव्हरच्या बारीक वाहिन्या चोंदण्याचा हा आजार ट्रान्सप्लांट सुरू होण्याआधीपासून वैद्यकाला ठाऊक होता. १९५० च्या दशकात जमैकात वनस्पतींचा चहा पिणाऱ्या मुलांमध्ये तो सापडला, आणि कारण निघालं त्या वनस्पतींमधली पायरोलिझिडीन अल्कलॉइड नावाची द्रव्यं. बुसल्फानने आधीच दुखावलेल्या लिव्हरवर, घटक माहीत नसलेली कोणतीही वनस्पती नको. शिवाय काही वनौषधी सायक्लोस्पोरिनची पातळी वर-खाली करतात. चकोतऱ्याच्या जातीचं ग्रेपफ्रूट ती वाढवतं, सेंट जॉन्स वर्ट ती पाडतं. जिवंत जिवाणू असलेल्या प्रोबायोटिक पावडरीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, सोललेल्या आतड्यातून तेच जिवाणू रक्तात जाऊ शकतात. आणि जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी इन्फेक्शन नाही हे कळेपर्यंत आपल्या मनाने देऊ नका. नातेवाईक प्रेमाने सुचवतात हे मला कळतं. त्यांना सांगा की डॉक्टरांनी लेखी मनाई केलीय, वाद तिथेच संपेल.

आणि तुमच्या पेशींबद्दल. ताई, तुम्ही विचारलेल्या प्रश्नांत हा सगळ्यात जड आहे असं मला वाटलं. जीव्हीएचडी तुमच्या पेशी करतात हे खरं. स्त्री दाता आणि पुरुष पेशंट असेल तर धोका थोडा वाढतो हेही खरं, आणि ते तुमच्यापासून लपवणार नाही. पण ल्युकेमियाच्या उरलेल्या पेशी ओळखून मारणाऱ्याही तुमच्याच पेशी आहेत. या आजारात ट्रान्सप्लांट करतात तो त्यासाठीच, नुसती केमो कित्येकदा पुरी पडत नाही म्हणून. पूर्ण मॅच असलेलं सख्खं भावंड मिळणं ही त्याच्यासाठी मोठी गोष्ट होती. तुम्ही काही चुकीचं खाल्लं, कधी आजारी पडलात, म्हणून तुमच्या पेशी अशा वागल्या, असं काही नसतं. त्यांना थोडं आवरायचं आहे, तेवढ्यासाठी स्टिरॉइड.

उद्याच्या राउंडसाठी एवढं लिहून घ्या. आयएनआर किती? वजन सोळाव्या दिवसापासून आजपर्यंत कसं बदललं? डायरेक्ट बिलिरुबिन किती? सायक्लोस्पोरिनची शेवटची पातळी किती आणि कधीची? सीएमव्ही पीसीआर कधी पाठवली? तुकडे घेतल्यावर स्टिरॉइड कधी सुरू करणार? आणि हे दिसलं तर राउंडची वाट न बघता लगेच नर्सला हाक मारा: शौचात लाल रक्त, पोट फुगून कडक होणं, गुंगी, लघवी एकदम कमी होणं, धाप, थंडी वाजून ताप. मोठ्या डोसच्या स्टिरॉइडवर ताप दडून राहतो, त्यामुळे नुसती हुडहुडी भरली किंवा भाऊ एकाएकी मलूल दिसला तरी सांगा, थर्मामीटर काहीही दाखवो. एन्डोस्कोपीचा रिपोर्ट आला की त्यातली वाक्यं जशीच्या तशी इथे लिहा, मी बघते.